काकांच्या जस्ताच्या गोळ्या

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझे वडील हिंगोलीच्या दवाखान्यात वारले. वसमतला राहणारे माझे काका, त्यांचे धाकटे भाऊ, देवळात पूजा करायचे. वडिलांचं सामान आलं, त्यात झिंकच्या गोळ्यांची अर्धी पट्टी होती. काकांनी ती ठेवून घेतली. संपली तशी मेडिकलमधून दुसरी आणली.

मी विचारलं, तर म्हणाले, "झिंक म्हंजे जस्त. पत्र्याला जस्त चढवलं की गंज धरत न्हाई. माणसालाबी तसंच असंल."

सकाळी एक, संध्याकाळी एक. पूजेआधी काका तोंडात अन्नाचा कण घालत नसत, पण औषधाला सोवळं नसतं, म्हणून आंघोळ झाली की आधी गोळी. काही आठवड्यांनी त्यांना मळमळू लागलं. चहा कडू लागे, तोंडाला नाण्यासारखी चव येई. एके दिवशी गाभाऱ्याबाहेर येऊन ते ओकले.

घरात सगळ्यांच्या मनात एकच आलं: कोरोना. काकांनी स्वतःच अंथरूण उचललं आणि देवळामागच्या सामानाच्या खोलीत गेले. काकू उंबऱ्याशी ताट ठेवून मागे सरायची. ते आतून म्हणायचे, "जवळ येऊ नको. दादाचं पाहिलं न्हाई का?" ताट बहुतेक तसंच परत येई.

तपासणी निगेटिव्ह आली. काकांचा विश्वास बसेना. पुन्हा केली, पुन्हा निगेटिव्ह. मग मी त्यांना आमच्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि काय काय घेता ते विचारलं. काकांनी खिशातून पट्टी काढून दाखवली.

"रिकाम्या पोटी?"

"पूजा व्हायची असते ना."

"बंद करा. रोज दोनदा, तेही उपाशी, मळमळणारच. आणि ही गोळी घेतली म्हणजे कोरोना होत नाही, असं काही सिद्ध झालेलं नाही."

काकांनी पट्टी परत खिशात ठेवली. म्हणाले, "मग दादाला काहून दिली?"

डॉक्टरांनी खाली पाहिलं. "तेव्हा आमी सगळेच देऊन राहिलो होतो. उपयोग होईल असं वाटायचं."

काका उठले. घरी आल्यावर त्यांनी काकूला वरणभात वाढायला सांगितलं आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. हात धुताना त्यांना रडू आलं. वडील गेल्यापासून त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. काकू पाण्याचा तांब्या धरून उभी राहिली.

पुढच्या हिवाळ्यात त्यांना खरोखरच कोरोना झाला. ताप, खोकला, अंगदुखी. डॉक्टरांनी तापाची गोळी दिली, ऑक्सिजन मोजत राहायला सांगितलं. काका त्याच खोलीत राहिले, पण या वेळी दार उघडं ठेवून, अंगणात बसलेल्या काकूशी बोलत. बरे झाल्यावर पूजेला लागले. खोकला मात्र उन्हाळा लागेपर्यंत रेंगाळला.