साळव्यांची माता

अंतोन साळवे मॉनिटरच्या काचेवर अंगठा घासायचे. संगणकावर एखादा चेहरा किंवा हात घडवताना एखादी जागा मनासारखी उतरली नाही, की उजव्या हातात माऊस तसाच ठेवून डाव्या हाताचा अंगठा त्या जागेवर हळूहळू फिरवत बसायचे. जणू समोर ओलं प्लास्टर आहे. काचेवर बोटांचे तेलकट डाग पडायचे आणि झाडलोट करणारी यादम्मा सकाळी ते पुसताना रोज कुरकुरायची. साळवे तिला म्हणायचे, "अगं, हात लागल्याबिगर मूर्ती होत नाही." त्यांना तेलुगू फर्डं येत होतं, पण हे एक वाक्य ते तिला मराठीतच सांगत आणि ती न समजता मान हलवत असे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. लग्न करून मी पुण्याहून हैदराबादला आले होते आणि नवऱ्याप्रमाणे मलाही संगणकाच्या धंद्यात कुठेतरी चिकटायचं होतं. नारायणगुड्यात एका मिठाईच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. परदेशातल्या कंपन्या संगणकावरचे खेळ काढत. त्या खेळांतली दारं, पिंपं, बंदुका, पडकी घरं आम्ही बनवून द्यायचो. खेळ त्यांचा, नाव त्यांचं, आमच्या वाट्याला मान मोडून बसणं. तरी पहिल्या दिवशी एसीची हवा लागली तेव्हा मला आपण जग जिंकल्यासारखं वाटलं होतं. उदारीकरण, उदारीकरण म्हणतात ते हेच, असं मी आईला फोनवर सांगितल्याचंही आठवतं.

परदेशी ग्राहकांशी पत्रव्यवहार माझ्याकडे होता आणि साळवे मूर्तिकामाचे प्रमुख होते. वय चाळिशीचं, केस मागे वळवलेले, शर्टाच्या खिशात जपमाळ. मी मराठी आहे हे कळल्यावर ते स्वतः होऊन माझ्या टेबलाशी आले.

"कुठल्या?"

"पुण्याची."

"मग तुमच्यापुढं बोलायची चोरीच की हो. आम्ही मूळचे जालन्याचे. आजा निजामाच्या रेल्वेत लागला अन् सिकंदराबादला उतरला. त्याच्यासंगं जेवढी मराठी उतरली, तेवढीच आहे आमच्याकडं. चुकली तर सांगा, पण हसू नक्को."

मी पुण्याची असल्यामुळे अर्थातच हसले, आणि पुढचे काही महिने त्यांच्या चुकाही काढल्या. नंतर लक्षात आलं, की माझ्या शुद्ध मराठीत सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. साळव्यांकडे होतं.

ते कॅथलिक. वडील रेल्वेच्या कारखान्यात सुतार, आणि सिकंदराबादच्या रेल्वे वसाहतीमागच्या छोट्या चर्चमधल्या पुतळ्यांचे बिनपगारी वैद्य. प्लास्टरच्या पुतळ्यांची आधी बोटं जातात. कोणी फुलं वाहताना धक्का लावतं, कोणी नवसाची मेणबत्ती टेकवतं. दर वर्षी सणाआधी साळव्यांचे वडील सगळ्या संतांची बोटं नव्याने करून बसवत आणि लहानगा अंतोन रंगाची वाटी धरून उभा राहत असे. त्या पुतळ्यांत एक दुःखी मातेचा होता. क्रुसावरून उतरवलेला येशू मरियेच्या मांडीवर निपचित पडलेला, आणि ती त्याच्याकडे बघते आहे. कुठल्या देशातून, कोणी आणला, ते फादरनाही ठाऊक नव्हतं. साळवे सांगायचे, "बाकीचे संत बापाचे पेशंट होते. माता मात्र घरातलं माणूस. तिच्याशी तो बोलायचा. भांडायचासुद्धा."

मग दिवस पालटले. वसाहतीतली पोरं आखातात गेली, अमेरिकेत गेली, चर्चला देणग्या येऊ लागल्या. फरशी गेली आणि ग्रॅनाइट आलं. जुने पुतळे गेले आणि गुलाबी गालांचे फायबरचे पुतळे आले. आशीर्वाद दिलेली मूर्ती कचऱ्यात टाकत नाहीत. ती फोडून जमिनीत पुरायची, असा रिवाज. चर्चच्या कमिटीने तो अगदी नीट पाळला. साळव्यांना कळलं तेव्हा ते हातगाडी घेऊन गेले होते, माता घरी आणायला. तोवर खड्ड्यावर माती लोटून झाली होती आणि कमिटीचे लोक चहा पीत उभे होते. वडील तेव्हा वारलेले होते. "बरं झालं, बाप आधी गेला," एवढंच साळवे म्हणायचे, आणि ते म्हणताना जो आवाज यायचा तो ऐकवत नसे.

तीच माता ते संगणकात घडवत होते. जेवणाच्या सुट्टीत, सुटल्यानंतर तासभर. घरी संगणक घेण्याची ऐपत तेव्हा कोणाची होती? म्हणून ऑफिसच्याच यंत्रावर. जवळ फोटो जेमतेम तीन-चार, त्यातल्या एका लग्नाच्या फोटोत तर फोटोग्राफरने मातेचं अर्धं डोकं कापलेलं. बाकी सगळं आठवणीतून. संगणकात घडवलेली मूर्ती चहूबाजूंनी फिरवून बघता येते, आणि साळवे ती फिरवत बसायचे.

आमच्या धंद्यात चेहरा करायची एक सोपी युक्ती असते. अर्धाच करायचा आणि उरलेला अर्धा त्याचीच उलटी नक्कल म्हणून चिकटवायचा. साळवे इतर कामांत हे बिनदिक्कत करत. मातेच्या बाबतीत मात्र नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आईचं तोंड दोन्हीकडनं सारखं नसतं हो ताई. एका अंगानं ती लेकराकडं बघते, दुसऱ्या अंगानं देवाला शिव्या देते." असं बोलून त्यांनी चटकन क्रुसाची खूण केली.

मूर्तीची पाठही त्यांनी केली होती. चर्चमध्ये ती भिंतीला टेकून असायची, त्यामुळे मागून पोकळ होती, आत काथ्या आणि तारा दिसायच्या. तेही सगळं त्यांनी घडवलं. कोण बघणार होतं? मी तसं म्हटलं. "बाप बघायचा," ते म्हणाले आणि अंगठा काचेवर फिरवू लागले.

दोन वर्षं लागली. पूर्ण झाली त्या दिवशी त्यांनी मला बोलावून दाखवली. मी काही धार्मिक बाई नाही आणि माझ्या घराण्यात चर्चची पायरी कोणी चढलेलं नाही. पण त्या बाईच्या मांडीवरचं वजन मला दिसलं. थोराड झालेला मुलगा मांडीवर मावत नसतो, आणि तरी तिने तो धरलेला असतो. माझे डोळे भरून आले. साळवे खूश होऊन म्हणाले, "पुण्याची बाई रडली म्हणजे पास!"

त्यांचा बेत ठरला होता. गुड फ्रायडेला मातेचं पुरुषभर उंचीचं चित्र छापून घ्यायचं आणि चर्चच्या आवारात लावायचं. नवे फादर हो म्हणाले होते. "कमिटीवाल्यांनी पुरली ना? येऊ द्या आता वर," साळवे म्हणायचे. बायकोला काही दाखवलं नव्हतं. चर्चमध्येच बघू दे तिला, असं त्यांच्या मनात होतं.

त्याच सुमारास एका ग्राहकाला बंदुकीच्या खेळासाठी पडकं चर्च हवं होतं. लढाईत सापडलेलं गाव, चर्चमध्ये दडलेले सैनिक, खेळणाऱ्याने त्यांना टिपायचं. आमचे मालक अमेरिकेत शिकून आलेले, वागायला मोकळे, सगळ्यांच्या खांद्यावर हात टाकणारे. त्यांनी सर्व्हरवर माता पाहिली आणि कोणाला न विचारता त्या चर्चमध्ये ठेवून ग्राहकाला पाठवून दिली. ग्राहक बेहद्द खूश. त्याने दोन गोष्टी कळवल्या. एक, करारानुसार ही मूर्ती आता त्यांची, इतरत्र कुठेही, कागदावरसुद्धा वापरायची नाही. दोन, गोळी लागली की ती फुटली पाहिजे.

ते पत्र मीच उघडलं. मालकांकडे जाऊन भांडले. हे त्या माणसाचं खासगी काम आहे, तुम्ही विचारायला हवं होतं, म्हटलं. मालक हसून म्हणाले, "मशीन किसका? करंट किसका?" मग साळव्यांना आत बोलावलं.

साळवे एवढंच म्हणाले, "सर, वो माता है."

"क्या साळवे, बुतच है ना! कस्टमर पूजा करने कू नै ले रा. दिल पे नक्को लेओ. तुम दूसरा बना लेओ, तुम्हारे हात में तो जादू है."

जादू आहे म्हणणाऱ्या माणसाइतकं दुष्ट कोणी नसतं, हे मी त्या केबिनमध्ये शिकले. दुसरी बनवायची म्हणजे काय? दुसरी माता बनवली तरी ती हीच असणार होती, आणि ही तर विकली गेली होती.

साळव्यांनी फोडायला नकार दिला. नोकरी सोडतो असं मात्र म्हटलं नाही. घरी शिकणारी मुलगी, भाड्याचं घर. मालकांनीही ताणलं नाही. काम व्यंकट नावाच्या दुसऱ्या कारागिराकडे दिलं. खेळात वस्तू फुटते म्हणजे आपोआप फुटत नाही. तिचे तुकडे आधी पाडून ठेवावे लागतात. व्यंकटने संगणकाला एक तयार आज्ञा देऊन मूर्तीचे झटपट काप केले, कलिंगडाच्या फोडी कराव्यात तसे. साळवे मागून बघत होते. थोड्या वेळाने त्याच्या खुर्चीला हात लावून म्हणाले, "ऊठ. प्लास्टर ऐसा नै फूटता."

आणि मग त्यांनी स्वतः ती फोडली. आधी बोटं, मग मनगट, मनगटातून बाहेर आलेली गंजकी तार. मग मुलाचं खांद्याजवळ निखळणारं डोकं. शेवटी तिचा चेहरा, मधोमध नव्हे, गालावरून तिरका तडा जाऊन. आतला काथ्या, उडणारी पांढरी भुकटी, सगळं. त्या दोन दिवसांत त्यांनी काचेला एकदाही हात लावला नाही. मी चहा घेऊन गेले तेव्हा न बघताच म्हणाले, "दुसऱ्यानं वेडीवाकडी तोडण्यापेक्षा बरं नाही का ताई? निदान हिचं कसं मोडतं ते मला ठाऊक आहे."

ग्राहकाने लिहिलं, की मूर्तीचं फुटणं हा अख्ख्या खेळातला सर्वांत सुंदर भाग आहे. मालकांनी सर्वांसाठी बिर्याणी मागवली आणि साळव्यांना मधोमध बसवलं. साळव्यांनी बिर्याणी खाल्ली. पोटभर, मागून घेऊन खाल्ली. मला त्या माणसाची तेव्हा चीड आली होती. आज वाटतं, चीड त्या पंगतीत बसलेल्या आम्हा सगळ्यांची यायला हवी होती. त्या वर्षी गुड फ्रायडेला चर्चच्या आवारात काही लागलं नाही.

पुढे बाजार पडला, कंपनी बुडाली. मालक परत अमेरिकेला गेले, त्यांचं काही अडलं नाही. साळवे औषधांच्या एका कारखान्यात नळांचे नकाशे काढू लागले. कधी फोन केला तर म्हणायचे, "मजेत आहे ताई. नळाला तोंड नसतं, कोणाची आठवण येत नाही." मूर्तीचा विषय काढला की लाइन खराब आहे म्हणायचे. काही वर्षांनी एके सकाळी कामावर जाताना बसथांब्यावरच कोसळले आणि गेले.

महिन्याभराने त्यांच्या पत्नी, स्टेलावहिनी, माझ्याकडे आल्या. चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून तशाच आल्या होत्या. पर्स मांडीवर धरून बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, ह्यांनी एक माता करायला घेतली होती. अर्धीच राहिली म्हणायचे. जेवढी झाली तेवढी बघायला मिळंल का?"

काय सांगणार? मूळ मूर्ती परदेशात कुठल्या कंपनीच्या कपाटात असेल. बघायची एकच वाट होती. पुढच्या रविवारपर्यंत मी सिकंदराबादच्या बाजारातून त्या खेळाची सीडी मिळवली आणि वहिनींना बोलावलं. मला खेळ येत नव्हता. चर्चपर्यंत पोचायला गावातून जावं लागतं, आणि रस्त्यात सैनिक. मी मरायचे, पुन्हा सुरू करायचे. वहिनी शेजारी बसून बघत होत्या. एकदा म्हणाल्या, "तिच्यापाशी जायला एवढी माणसं मारावी लागतात?"

शेवटी आत पोचलो. उजेड खिडकीतून तिच्यावर पडला होता. मी जवळ गेले आणि थांबले. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात माझी बंदूक तिच्यावर रोखलेली.

"ती बंदूक जरा बाजूला घ्या ना," वहिनी म्हणाल्या.

"नाही हो जात ती वहिनी. खेळच तसा आहे."

त्या उठल्या. पुढे होऊन त्यांनी पडद्यावरच्या बंदुकीवर आपला तळहात ठेवला, ती झाकली, आणि मातेकडे बघत राहिल्या. ओठ हलत होते. मी काही करत नव्हते, पण खेळ थांबत नाही. मागून कोणीतरी सैनिक आला आणि त्याने गोळ्या झाडल्या. माता आमच्या डोळ्यांसमोर फुटली, अगदी साळव्यांनी फोडली होती तशीच. मग पडदा लाल झाला, खेळात मी पुन्हा मेले होते.

वहिनींचा हात अजून काचेवरच होता.

"अर्धी कुठं राहिली होती?" त्या म्हणाल्या. "पुरी केली होती की हो त्यांनी."