माझ्यासाठी ठेवलेला रिमोट

“आने तो ईझी ज अपाय,” भाविन म्हणाला. हिला सोपंच द्यावं लागतं. सोफ्यावरचे त्याचे मित्र फिदीफिदी हसले. मीही हसले. खाली फरशीवर बसलेलं माणूस आणखी काय करणार?

भाविन शेठचा मुलगा. माझ्याच वयाचा, आठवीतला. आम्ही गुजराती मुलखात, डिंडोलीला राहायचो. माय शेठकडून साड्या आणायची, आम्ही मायलेकी घरी त्यांवर टिकल्या चिकटवायचो आणि रविवारी गाठोडं परत द्यायला शेठच्या फ्लॅटवर जायचो. शेठाणी एकेक साडी उलगडून बघेपर्यंत माय दाराशी बसून राहायची. मी टीव्हीपाशी. भाविनच्या मामाने परदेशातून व्हिडिओ गेम आणला होता.

सुरुवातीलाच मशीन विचारायचं, सोपं की अवघड. मग पडद्यावरचा गडी भुयारातून पळायचा. मधेच दगड कोसळायचा आणि एक खूण चमकायची. गोल, नाहीतर चौकोन. पापणी लवायच्या आत तेच बटण दाबायचं. चुकलं की मेलं. मी दर वेळी मरायची. सोप्यातसुद्धा!

“तमारे तो बधे ईझी ज होय ने,” एक मित्र म्हणाला. तुमचं काय, सगळीकडे सोपंच. शाळेत सोपं, नोकरीत सोपं. ‘तुमचं’ म्हणजे कुणाचं, ते मला बरोबर कळलं. आम्ही बौद्ध, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. आमचे पाण्याचे पेले वेगळे, गॅलरीत. रिमोटही दोन होते. काळा त्यांचा. करडा माझा, तो चपलांच्या कपाटावर असायचा.

लाज वाटायची. मरणाची लाज. घरी टिकल्या लावताना मी स्वतःचे हात बघायची. डिंक वाळायच्या आत टिकली बसवणारे हात, मायपेक्षाही भरभर. मग तिथेच काय धाड भरते यांना? वाटायचं, खरंच आपल्यातच काहीतरी कमी असेल. हे मायलासुद्धा सांगितलं नाही.

एका रविवारी भाविन खेळता खेळता फोन घ्यायला उठला. काळा रिमोट सोफ्यावर पडला होता आणि गडी पळतच होता. मी रिमोट उचलला. दगड कोसळला, गोल चमकला, मी दाबलं. गड्याने उडी मारली! मग चौकोन. परत उडी. आणि गेम भाविनचा होता, अवघडवर लावलेला.

मी माझा करडा रिमोट घेऊन गोलाचं बटण दाबून पाहिलं. ते आत जाऊन बसलं ते वर येईचना.

तेवढ्यात शेठाणी आली. काळा रिमोट माझ्याकडून काढून घेतला आणि ओल्या फडक्याने पुसला. “बेटा, तारुं तो पेलुं छे ने.” तुझा तो दुसरा ना. बेटा म्हणाली, आवाजही गोड.

मी म्हणाले, “ए तो बगडेलुं छे.” तो बिघडलाय.

भाविन परत येऊन उभा होता. “खबर छे,” तो म्हणाला. “एटले तो ईझी आपेलुं.” माहीत आहे. म्हणून तर सोपं दिलं होतं.

माझे कान तापले. दाराशी माय हळूच म्हणाली, “गप ऱ्हाय पोरी. काम जाईन.”

काम जाणार हे मलाही कळत होतं. तरी मी तो करडा रिमोट त्यांच्या सोफ्याच्या पांढऱ्या खोळीवर ठेवला. “हा मी परत धरणार नाही. आणि तुमच्या गॅलरीतलं पाणीही पिणार नाही.” मराठीतच बोलले. सगळ्यांना समजलं.

पुढच्या रविवारी नवं गाठोडं मिळालं नाही. माय कितीतरी दिवस दुसरीकडे काम शोधत फिरली. मला तेव्हाही लाजच वाटली.

आज ऑफिसात चहा पिताना कुणीतरी म्हणतंच, “तुमचं काय बुवा, सोपं!” तीच जुनी लाज आधी कानापर्यंत चढते. चढू देते. मग कप खाली ठेवते आणि विचारते, “आणि आमच्या हातात काय दिलं होतंत, तेही सांगा ना.” उत्तर येईपर्यंत मी समोरून हलत नाही. आणि हसत तर नाहीच.