किसनराव रोडगा ठोकून पाहतात

धरणावर मुक्कामाला जाताना लोक टॉर्च नेतात, टोपी नेतात. माझ्या मोठ्या बाबांनी गवऱ्यांचं पोतं नेलं.

मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, किसनराव. वलगावात कोणाकडेही पंगत असली की रोडगे त्यांचेच. कणकेचे थरावर थर देऊन वळलेले गोळे गवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडायचे आणि वरून तूप. चाळीस वर्षं झाली. कोणी शेतीचं कौतुक केलं की म्हणतात, "वावर तं सगळ्यांलेच असते बाप्पा. हात कोनाले असते?"

दामिनीताईचा, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मुलीचा, साखरपुडा पंधरा दिवसांवर आला होता आणि तिच्या भावानं, नितेशदादानं, केटरर शोधला होता. कारण मागच्या दोन पंगतींत मोठ्या बाबांचे रोडगे बिघडले. एकदा करपले, एकदा आत कच्चे.

"ॲक्च्युअली बाबा, पाहुने नागपूरचे आयेत," दादा म्हणाला. अमरावतीला नोकरीला लागल्यापासून तो 'ॲक्च्युअली'शिवाय पाणीसुद्धा मागत नाही. "रिस्क कायले घ्याची?"

दादाची नक्कल करायला मला नुसत्या भुवया उचलाव्या लागतात. मी उचलल्या. सगळे हसले, मोठे बाबा नाही.

"सुट्टीत धरनावर चाललो ना आपन?" ते म्हणाले. "तथी भाजतो. बिघडले तं बलाव तुह्या केटररले. नाई बिघडले तं गुपचूप बापाचं आयकाचं."

म्हणून ते पोतं.

अकोल्याकडच्या त्या धरणावर पोचलो तेव्हा चार वाजले होते. मे महिन्यानं पाणी पार आत ओढलं होतं. आधी भेगाळलेला गाळ, मग ओला गाळ, मग पाणी, आणि त्यावर एक टिटवी उगाच भांडत फिरत होती. झाडाखाली तीन हिरवे तंबू. मोठ्या आईनं, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोनं, तंबूची चेन दोनदा खालीवर केली.

"हे घर आये का पिशवी?"

राखणदार पुंजाजी पोत्याभोवती एक चक्कर मारून आले. "गवऱ्या आनल्या जी तुमी? इथी?"

"मंग रोडगे काय उन्हात भाजू?" मोठे बाबा म्हणाले.

"उन्हाळ्याचे दिवस आयेत. इस्तव फक्त त्या सिमेंटच्या कड्यात, पान्याजवळ. सात वाजले का मी सोता पानी टाकतो. सात म्हंजे सात."

रोडग्याला अडीच तास लागतात. दामिनीताईनं तंबू न बघताच परात काढली. मोठी आई वांगी चिरायला बसली. मोठ्या बाबांनी मला विस्तवाशेजारी बसवलं.

"धूर सरला का वं, प्रतीक्षा?"

"सरला."

"निखारा लाल झाला का?"

"झाला."

मला वाटलं, शिकवून राहिले. समोर दिसतं तेच विचारत होते, पण मास्तरही तसंच विचारतात. रोडगे निखाऱ्यात गेले, वर राख ओढली. मग सगळे काठाशी टेकले. पाण्यावरून वारा येत होता, दादासुद्धा पँट दुमडून पाण्यात पाय सोडून बसला होता.

पावणेसातला पुंजाजी बादली घेऊन उभे राहिले. मोठ्या बाबांनी चिमट्यानं एकेक रोडगा काढून कड्याबाहेर रांगेत ठेवला. मग कान खाली नेऊन बोटाच्या पेरानं ठोकत निघाले. ठक. "झाला." ठक. "झाला." थप. "याले अजून येळ आये, घाल आत." ठक. टण्ण.

ते थांबले. परत ठोकलं. टण्ण.

"हा कोनं भाजला? हा आपला नोहे."

तो काठावरचा गोटा होता. गोल आणि रोडग्याएवढा, पण काळाकुळकुळीत. कोणालाही दिसावा असा.

मी खो-खो हसले. मग पाहिलं तर माझ्याशिवाय कोणीच हसत नव्हतं.

"बाबा," दादा म्हणाला, 'ॲक्च्युअली' न म्हणता. "तुमाले दिसत नाई का?"

"दिसते. पांढरं-पांढरं दिसते."

"मंग डोये दाखवले काहून नाई?"

"डोये दाखवले असते तं तुनं रोडगे भाजू देल्ले असते का?"

दादा रोडग्यांच्या रांगेकडे वळला. एक रोडगा उचलून फोडला. आतून पापुद्रा न् पापुद्रा सुटा. दुसरा फोडला, तसाच. मग निखाऱ्यात परत घातलेला काढून फोडला. मधोमध ओली कणीक.

"म्हनलं होतं ना," मोठे बाबा म्हणाले.

"मंग मांगचे दोन टाइम कसे बिघडले?" दामिनीताईनं विचारलं.

"एका टाइमले डीजे होता, दुसऱ्या टाइमले जनरेटर मंडपालेच खेटून. रोडगा बोलून रायला का नाई, मले काय आयकू येनार?"

पुंजाजींनी सात वाजता बादली ओतली. सात म्हणजे सात. मग रिकामी बादली उपडी करून त्यावर बसले आणि तीन रोडगे खाल्ले.

जेवताना तह झाला. दादाचं म्हणणं, आधी डोळे. मोठ्या बाबांचं, आधी रोडगे. शेवटी दामिनीताई म्हणाली, "रोडगे निघेपर्यंत मंडपात डीजे वाजनार नाई, जनरेटर घराच्या मांगं. आन साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा दवाखान्यात." डीजेसाठी तिनं दादाशी महिनाभर भांडण केलं होतं, म्हणून कोणी वाद घातला नाही.

"दुसऱ्या दिवशी उष्टी काढाची असतात," मोठे बाबा म्हणाले.

"ते मी काढतो," मोठी आई म्हणाली. "तुमी गाडीत बसा."

दादा तंबूमागे जाऊन केटररला फोनवर नको म्हणाला. परत आला तो मोठ्या बाबांशेजारी बसला. मग म्हणाला, "बाबा, ॲक्च्युअली…"

मोठ्या बाबांनी हात लांबवला, चाचपून त्याचं डोकं शोधलं आणि पेरानं ठोकलं. कान लावून ऐकलं.

"याले अजून येळ आये."