कुंपणाची लूप लाइन

"अहो, ऐतिहासिक स्टेशन म्हणालात ना? हे तर माझ्या जावयापेक्षा लहान आहे!"

पुण्याच्या एक काकू मला हे भर प्लॅटफॉर्मवर सुनावत होत्या. मागे त्यांच्या ग्रुपमधले लोक हसत होते. आणि माझं लक्ष मात्र घड्याळाकडे होतं, कारण थोड्या वेळात इंजिनिअर साहेब येणार होते.

मी स्टेशन मास्तर म्हणून रिटायर झालो आणि मालवणजवळच्या कट्टा गावी, घरी येऊन बसलो. बसलो म्हणजे बायकोच्या कामात लुडबुड करायला लागलो. माझी भाची सुप्रिया मालवणला होमस्टे चालवते. तिच्या पाहुण्यांचा शेवटचा दिवस फुकट जायचा. किल्ला झाला, मासे खाऊन झाले, गाडी संध्याकाळची. मग करायचं काय? तिनं 'स्टेशन वॉक' काढला आणि तो माझ्या गळ्यात मारला. कुडाळ-कणकवलीच्या पट्ट्यातलं एक छोटं स्टेशन आहे. नाव सांगत नाही, तिथं अजून माझ्या ओळखीची माणसं ड्यूटीवर आहेत.

"काकू," मी म्हटलं, "मोठ्या शहरातल्या स्टेशनांचा इतिहास भिंतीवरच्या फोटोत असतो. आमचा अजून बाकावर बसलेला असतो. तो बघा."

बाकावर तातू बसला होता. मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ. आज जिथं लूप लाइन आहे, तिथं पूर्वी तातूचे कुणगे होते, म्हणजे भाताची लहान लहान खाचरं. रेल्वे आली तेव्हा ती जमीन गेली. रीतसर मोबदला मिळाला, तातूची त्याबद्दल काही तक्रार नाही. तो मला मास्तर म्हणतो आणि अरेतुरे करतो. आमची ओळख माझ्या पहिल्या पोस्टिंगपासूनची.

लूप लाइन म्हणजे काय, ते सांगतो. आमचा मार्ग बहुतेक ठिकाणी एकेरी. समोरासमोरून दोन गाड्या आल्या तर काय करायचं? एकीला स्टेशनात बाजूच्या रुळावर घ्यायची, तिथं थांबवायची आणि दुसरीला सरळ जाऊ द्यायची. तो बाजूचा रूळ म्हणजे लूप लाइन आणि या सगळ्या प्रकाराला म्हणतात क्रॉसिंग. पाणंदीत दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की एक जण आपली गाडी कुणग्यात उतरवतो, तसंच हे. आत थांबलेल्या गाडीतले प्रवासी स्टेशन मास्तरला शिव्या घालतात. मी नोकरीभर त्या ऐकल्या.

हे सगळं मी काकूंच्या ग्रुपला मास्तरांच्या खोलीच्या खिडकीतून सिग्नल पॅनेलचे लाल-हिरवे दिवे दाखवत सांगितलं. मंडळी आता रमली होती. पण माझा जीव प्लॅटफॉर्मच्या टोकाला अडकला होता.

त्या टोकाला, उतार संपतो तिथं, ऐनाचं एक जुनं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी हातभर उंचीचा एक दगड. तो राखणदार. आमच्याकडे प्रत्येक जागेचा राखणदार असतो, म्हणजे ती जागा सांभाळणारा देव. शेत विकलं तरी तो शेतकऱ्याबरोबर जात नाही, जागेवरच राहतो. रूळ टाकताना कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनीही त्या दगडाला हात लावला नव्हता. दरवर्षी भातकापणीच्या आधी तातू गावच्या पायवाटेनं येतो आणि तिथं नारळ ठेवतो. माझ्या आधीच्या मास्तरांनी त्याला अडवलं नाही, मी अडवलं नाही, माझ्या नंतरच्यांनीही नाही.

आता तिथं कुंपण होणार होतं. लोक रूळ ओलांडून शॉर्टकट मारतात, म्हणून हद्दीवर लोखंडी कुंपण. काम चांगलंच होतं, मी नोकरीत असतो तर मीच मागितलं असतं. पण ड्रॉइंगमध्ये ते सरळ रेषेत होतं आणि त्या रेषेनं दगड आत जात होता. पायवाट बंद, तातू बाहेर. शिवाय पुढं आतल्या बाजूला काँक्रीट पडणार होतं.

इंजिनिअर साहेब, कुलथे त्यांचं नाव, लातूरकडचे. माणूस सरळ. त्यांनी आधी एकदा तातूला समजावलं होतं, "आजोबा, आपण दगड बाहेर घेऊ. चौथरा बांधून देऊ, टाइल्स लावून."

तातू म्हणाला होता, "राखणदार जाग्याचो, साहेबानू. जागो हलवूक येता तर हलवा."

तिथं बोलणं संपलं होतं. मग मी डोकं लढवलं. साहेब इन्स्पेक्शनला येणार त्याच दिवशी वॉक ठेवला. शेवटचा थांबा ऐनाखाली. तातू तिथं गाऱ्हाणं घालणार. गाऱ्हाणं म्हणजे देवाला सगळ्यांसमोर मोठ्यानं घातलेलं साकडं. एक जण बोलतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्यावर 'व्हय म्हाराजा' म्हणतात. शहरातल्या पाहुण्यांसमोर, देवासमोर, भरल्या आवाजात तातूनं कुंपणाचं मागणं मागितलं की साहेब नाही कसे म्हणतील? आदल्या दिवशी मी त्याला बजावलंही होतं.

"तातू, कुंपण दगडाच्या आतल्या अंगान घेवा, ह्या स्पष्ट सांग. साहेबाच्या कानार पडाक व्हया."

"बरां," तातू म्हणाला. तातूचं 'बरां' म्हणजे होकार की नकार, हे मला एवढ्या वर्षांत कळलेलं नाही.

साहेब आले. हातात फाइल, कपाळावर आठी. मी म्हटलं, "सर, दहा मिनिटं आमचा वॉक बघा." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, तुमचा डाव कळतोय मला. ड्रॉइंग मंजूर झालंय, आधीच सांगून ठेवतो." पण आले.

ऐनाखाली सगळे उभे राहिले. चपला बाजूला काढल्या. काय म्हणायचं ते मी पाहुण्यांना शिकवलं. तातूनं दगडावर पाणी घातलं, नारळ ठेवला आणि हात जोडले. एरवी पुटपुटणारा हा माणूस, पण गाऱ्हाण्याला त्याचा आवाज पार पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर गेला.

"बा देवा म्हाराजा! ह्या जाग्याच्या राखणदारा! ही सगळी तुझी लेकरा आज तुझ्यासमोर उभी आसत. ह्यो नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या रुळावरसून जी माणसा येतत-जातत, जो गाडी हाकता, जो भर पावसात रूळ तपासत फिरता, तेंका सगळ्यांका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ही पावणी आज जातत. तेंची वाट सुखाची कर, नि परत हंय घेवन ये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काकूंचा आवाज सगळ्यांच्या वर.

आता येणार, मी मनात म्हटलं. साहेबांनीही फाइल छातीशी घट्ट धरली.

"ह्यो साहेब घरदार सोडून लांबच्या मुलखात येवन काम करता. तेच्या घरच्या माणसांका राजी-खुशी ठेव, तेच्या पोराबाळांका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकला-माकला तर पदरात घे, नि सगळ्यांची रखवाली कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

संपलं. तातूनं नारळ फोडला आणि कोयतीनं खोबरं काढायला बसला. माझं डोकंच फिरलं. मी त्याला ऐनाच्या मागे घेतलं.

"अरे, कुंपणाचा रवला मां! कालपासून काय सांगी होतंय तुका?"

तातूनं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "मास्तर, तो सगळ्यांची राखण करता. तेका तेचोच जागो राखूक सांगू? बरां दिसात तां? देवाकडे माणसांसाठी मागतत."

"नि उद्या काँक्रीट पडला तर?"

तातू खाली मान घालून खोबऱ्याचे तुकडे करत राहिला. पहिला तुकडा त्यानं दगडापाशी नेऊन ठेवला आणि दगडावरून एकदा हात फिरवला. तेव्हा मला समजलं की याला सगळं कळतंय, कदाचित हा आपला इथला शेवटचा नारळ आहे हेसुद्धा. मला फार वाईट वाटलं. माझाच राग आला.

तो खोबरं वाटत साहेबांपर्यंत गेला. साहेब म्हणाले, "आजोबा, मला काही सांगायचंय का?"

"खोबरा खावा," तातू म्हणाला.

साहेबांनी खोबरं घेतलं. खाताना ते एकदा दगडाकडे आणि एकदा पायवाटेकडे बघत होते. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांनी जागेचं काहीच मागितलं नाही?"

"नाही सर."

"माझ्या पोरांचं मागितलं."

"हो."

ते फाइल न उघडताच जीपमध्ये बसून गेले. पाहुण्यांची गाडी आली, काकूंनी तातूला वाकून नमस्कार केला आणि वॉक संपला.

कुंपणाचं काम सुरू झालं तेव्हा तातू तिकडं फिरकला नाही. शेवटी मीच गेलो. वेल्डर सामान आवरत होते. कुंपण प्लॅटफॉर्मच्या कडेनं सरळ आलं होतं, ऐनापाशी आतल्या अंगाला वळलं होतं, दगडाला वळसा घालून बाहेर आलं होतं आणि पुन्हा सरळ गेलं होतं. दगड, ऐन, पायवाट, सगळं गावाच्या बाजूला. आता तातूला रेल्वेच्या हद्दीत पाऊल टाकायचीही गरज नव्हती.

मी तिथूनच साहेबांना फोन लावला.

"किरकोळ बदल आहे," ते म्हणाले. "झाडाची मुळं आड येत होती. तसं कारण देऊन मंजुरी घेतली."

"खरंच येत होती?"

"मास्तर, तुम्ही रिटायर झालात ना?"

मी फोन ठेवला आणि तसाच तातूच्या घरी गेलो. तो खळ्यात, म्हणजे अंगणात, काजूच्या फांद्या तोडत होता. मी सांगितलं. त्यानं कोयती खाली ठेवली, डोळे पुसले आणि घरात बघून ओरडला, "गो, मास्तराक चाय ठेव!" एवढंच.

आता वॉकला आलेले लोक हमखास विचारतात, इथं कुंपण वाकडं का? मी सांगतो, इथं क्रॉसिंग झालं. एकानं थांबून दुसऱ्याला वाट दिली. कोणी कोणाला दिली, हे मात्र मला अजून नीट सांगता येत नाही.

नोकरीत मी ढिगानं अर्ज लिहिले. बदलीचे, रजेचे, पंख्याचे. बहुतेक नामंजूर झाले. आता वाटतं, समोरचा माणूस 'नाही' म्हणायची तयारी करून आला असेल, तर त्याच्याकडे मागू नये. त्याला खोबरं द्यावं.