साडेतीन तासांनी बंद केलेली तिकिटं

वाशीच्या घाऊक बाजारातल्या गाळ्यांना कॉम्प्युटर, प्रिंटर आणि वजनकाटे पुरवणाऱ्या कंपनीत मी हेल्पडेस्कवर आहे. गाळ्यातून फोन आला की तक्रारीचं तिकीट काढायचं, तोडगा सापडला की तो लिहून तिकीट बंद करायचं. हे मी इतकी वर्षं केलंय की पलीकडचं नुसतं 'हॅलो' ऐकून काय बिघडलंय ते ओळखते. हा माज आहे, मला मान्य आहे.

गेल्या वर्षी हेड ऑफिसने ठरवलं, जुन्या तिकिटांमधून उत्तर शोधून देणारा एआय एजंट आमच्या मदतीला द्यायचा. तो नीट चालला तर आमचं पाच जणांचं टेबल वाशीत राहणार, नाहीतर सगळं काम बाहेरच्या कंपनीला जाणार. एजंटसाठी शोधाचं टूल खारघरहून येणाऱ्या एका तरुण इंजिनिअर मुलीने बनवलं. ते कसं वापरायचं हे एजंटला समजावणाऱ्या पानावर मात्र तिने एकच ओळ लिहिली होती: हे टूल तिकिटं शोधतं. मी तिला म्हटलं, अगं, नव्या सुनेला 'हे स्वयंपाकघर' एवढंच सांगून निघून जाशील का? ती हसली आणि ते पान तिने माझ्याच गळ्यात मारलं.

मी पान लिहायच्या आधीच झालेल्या पहिल्या चाचणीत एजंटचं पार हसं झालं. काट्यावरचं वजन बिलावर येत नाही, असं विचारलं, तर त्याने पहिलं सापडलेलं बंद तिकीट काढून सांगितलं, मशीन बंद करून चालू करा. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. चाचणी बघायला बसलेल्या आमच्या साहेबांचा चेहरा पडला. तो का चुकतोय हे मला मात्र पक्कं माहीत होतं.

आमच्याकडे चार तासांत तिकीट बंद झालं नाही तर साहेबांच्या बोर्डावर ते लाल होतं. लाल दिसलं की बोलणी. म्हणून साडेतीन तास झाले की आम्ही 'मशीन बंद करून चालू केले' असं लिहून ते बंद करायचो आणि त्याच गाळ्याचं नवं तिकीट काढायचो, त्यावर 'मागील पाहा'. खरा तोडगा असायचा तिसऱ्या नाहीतर चौथ्या तिकिटात. ही शक्कल माझी. मीच ती सगळ्यांना शिकवली होती, आणि वेळेत काम करणारं टेबल म्हणून मिळालेली ढाल माझ्याच समोर मिरवत होती.

हे लिहावं तर इतक्या वर्षांची अब्रू जाते, न लिहावं तर टेबल जातं. दोन दिवस मी नुसती चिडचिड केली, घरी कुकरच्या शिट्टीवरसुद्धा खेकसले. तिसऱ्या दिवशी सकाळी बसले आणि सरळ लिहून काढलं:

'बंद झालेलं तिकीट सुटलेलं समजू नकोस. चार तास भरत आले असताना ते बंद झालं असेल, तर त्याच गाळ्याचं पुढचं तिकीट शोध. साखळी जिथे संपते तिथला तोडगा खरा. गाळेवाले काट्याच्या तक्रारीलाही "प्रिंटर बंद" म्हणतात, म्हणून दोन्ही शब्दांनी शोध.'

साहेबांनी पान दोनदा वाचलं. वयाने ते माझ्याहून लहान, पण खुर्ची मोठी.

"ही पद्धत कोणी सुरू केली, ताई?"

"मी," मी म्हटलं. "लाल बघून तुमी ओरडता, म्हणून."

त्यांनी पान माझ्याकडे परत सरकवलं. मग म्हणाले, चाचणी तर होऊ द्या.

दुसरी चाचणी खऱ्या फोनवर झाली. कांद्याच्या गाळ्यातले साताऱ्याकडचे दिवाणजी तापले होते. प्रिंटर बंद पडलाय, बाहेर गाड्या खोळंबल्यात, असं त्यांचं चाललं होतं. एजंटने मला आधी एकच गोष्ट विचारायला लावली, बिल छापलं जातंय का? छापलं जात होतं, फक्त वजनाची जागा कोरी होती. मग तो एकामागून एक तीन तिकिटं ओलांडून चौथ्यावर गेला आणि माझ्या स्क्रीनवर उत्तर आलं: काट्याची वायर काढून मागच्या वरच्या खाचेत लावा, मग काटा सुरू करा. मी ते वाचून दाखवलं. पलीकडून पोती सरकवल्याचा आवाज आला, मग काटा सुरू झाल्याचा बीप.

"आलं की ओ मॅडम," दिवाणजी म्हणाले. "वजन आलं बिलावर."

मी खुर्चीतून उठलेच. इंजिनिअर मुलीने मला मिठी मारली. जिंकल्याचा आनंद काय असतो तो मी त्या दिवशी पोटभर घेतला, उगाच विनय दाखवत नाही. त्या आठवड्याचे बाकीचे फोनही तसेच सुटले. टेबल वाशीतच राहिलं आणि एजंटच्या पुढच्या सगळ्या टूल्सची पानं लिहायचं काम माझ्याकडे आलं. ढाल मी कपाटात टाकली.

पुढच्या सोमवारी केळीच्या एका गाळ्याचं तिकीट दुपारी लाल झालं. टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघू लागले. साहेबही काचेपलीकडून बघत होते, पण ओरडले नाहीत. मी ते तसंच लाल राहू दिलं. संध्याकाळी बिघाड सापडला, तेव्हा तोडगा सविस्तर लिहिला आणि मगच तिकीट बंद केलं.