संकटाची वाट पाहणारे आमचे व्याही

साऱ्या सातारा जिल्ह्यात संकटाची इतक्या आपुलकीने वाट पाहणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. आमचे व्याही फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि हाताशी शत्रू न उरल्यामुळे भूकंप, महापूर, वीज, वणवा यांच्याकडे वळले. माझ्या मुलीच्या लग्नात, अक्षता पडायच्या आधी, नवऱ्या मुलाच्या या बापाने मला बाजूला घेऊन विचारलं, "मांडवाला मागनं वाट हाय न्हवं?" सांगलीला आमच्याकडे आले की चहाआधी गच्चीवर जाऊन कृष्णा बघून येतात. पेन्शन चालू झाल्यापासून ते शाळाशाळांतून फुकट पाठ देत फिरतात. "भूकंप!" असं ओरडले की पोरं बाकांखाली शिरतात. एकदा एक हेडमास्तर खुर्चीवरच बसून राहिले, तर "सर, तुमी गेला," असं यांनी भर वर्गात शांतपणे जाहीर केलं.

सांगलीजवळच्या एका नदीकाठच्या शाळेत त्यांनी मुलांकडून एवढंच घोकून घेतलं होतं, की पाणी पायरीला लागायच्या आधी निघायचं. त्याच पावसाळ्यात नदी चढली. चौथीतली एक मुलगी दप्तर पाठीला लावून घरच्यांच्या मागे लागली. आजा म्हणाला, "दरसाल येतंय पानी, पायरी बघून माघारी जातंय. गप बस." ती गप्प बसली खरी, पण रस्त्याच्या मधोमध, भर पावसात, न जेवता. दुपारी तिची आई रडकुंडीला आली, तेव्हा कुठे म्हातारा चडफडत निघाला. संध्याकाळी त्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं.

पूर ओसरल्यावर व्याह्यांबरोबर मीही त्या गावी गेलो. ते कौतुकाने मुलीची पाठ थोपटायला गेले, तर ती म्हणाली, "म्हशीचं तुमी कायच सांगितलं नव्हतं. मीच दावं सोडलं. मग ती पवत गेली माळाला." व्याह्यांनी कान पकडले आणि खिशातली वही काढून ते लिहून घेतलं.

घराची मागची भिंत पडली होती. आजा ओसरीवरचा चिखल फावड्याने ओढत होता. तो थांबला, म्हणाला, "सुभेदार, निघायचं कवा ते पोरीनं सांगितलं. आता माघारी यायचं का न्हाई, ते तुमी सांगा."

व्याह्यांनी टोपी काढून खिशात घातली. मग त्यांनी म्हाताऱ्याच्या हातातलं फावडं घेतलं आणि खाली मान घालून चिखल ओढायला लागले.