लातूरच्या नकाशातले कोरडे नांदेड

"सर, तुमच्या नकाशात सगळं नांदेड कोरडं हाय. हितं घाटाच्या पायऱ्या बुडून राहिल्यात."

फोनवर नांदेडच्या पूरनियंत्रण कक्षातला इंजिनिअर सय्यद होता. धरणातून गोदावरीत पाणी सोडले होते. कोणत्या वस्त्या रिकाम्या करायच्या, हे तिथल्या अधिकारी शिंदे मॅडमना अंधार पडण्यापूर्वी ठरवायचे होते आणि त्यांचा सर्व्हर नेमका बंद पडला होता.

अशा वेळेसाठीच आम्ही लातूरला एक कॅटलॉग तयार केला होता. नकाशांवरची गणिते करणारे प्रोग्राम ठिकठिकाणच्या सर्व्हरवर असतात. त्यांना सर्व्हिस म्हणतात. कॅटलॉग हवी ती सर्व्हिस शोधतो आणि ती जिथे असेल तिथेच चालवून उत्तर आणून देतो. नांदेडला त्याने मी लिहिलेली पूरसर्व्हिस दिली होती; पाण्याची पातळी टाकली की कोणता भाग बुडेल ते ती नकाशावर निळे दाखवते. जमिनीच्या उंचीचा डेटा तिसऱ्याच सर्व्हरवरून घेतला होता. शोध अचूक होता. उत्तर चुकले होते.

"पाण्याची पातळी कोणती टाकलीत?"

"पुलावरच्या पट्टीवर दिसती तीच."

मी खजील झालो. पट्टीचा शून्य नदीच्या तळाजवळ असतो. माझी सर्व्हिस समुद्रसपाटीपासूनची उंची मागते, म्हणून पट्टीवरच्या छोट्या आकड्याने तिला पाणी जमिनीच्या कितीतरी खाली दिसले. लातूरला आम्ही फळ्यावर आकडा लिहितानाच त्यात पट्टीच्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मिळवतो. ती सवय इतकी अंगवळणी पडली होती, की सर्व्हिसच्या माहितीत तिचा उल्लेख करण्याचे मला सुचलेही नाही. सय्यदचे काहीच चुकले नव्हते.

फोन मॅडमनी घेतला. "लोकांना हलवू का नको, तेवढं सांगा."

"चूक माझी आहे, मॅडम. पट्टीच्या शून्याची उंची मिळवून पुन्हा चालवावे लागेल."

"माफीचं नंतर बघू. आधी नकाशा द्या."

सय्यदने ती उंची शोधून मिळवली. नकाशा हळूहळू निळा झाला.

"घाट कुठवर बुडालेला दिसतो?" मी विचारले.

"खरोखर बुडालाय तिथवरच, सर. पण नाल्यामागची वस्ती बी निळी दाखवून राहिलाय. ती तर नदीपासून लांब हाय."

"नदीचे पाणी नाल्यातून उलटे चढेल. ती आधी हलवा."

दिवस मावळण्याआधी ती वस्ती शाळेत पोहोचली होती. पाणी नाल्यातूनच आले. घरे भिजली, घरांत कोणी नव्हते.

सकाळी सय्यदचा फोन आला. "सर, नकाशा थांबला तिथंच पाणी थांबलं."

मला फार दिवसांनी इतके समाधान वाटले. त्यानंतर मी कॅटलॉगला एक नियम घातला: उंची कोणत्या शून्यापासून मोजायची, हे लिहिल्याशिवाय सर्व्हिसची नोंद होणार नाही. नियम लागू होताच एकच सर्व्हिस बाद झाली. ती माझी होती.